‘पाव’ या शब्दाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत वाण्याच्या दुकानात ‘पाव किलो रवा आणि सहा पाव द्या’ असे म्हणणारा गिऱ्हाईक एकाच वाक्यात दोन वेगळे शब्द वापरत असतो, आणि दुकानदाराचा त्यात कधी गोंधळ होत नाही. गोंधळ होतो तो या शब्दाच्या मुळाविषयी बोलताना. पीठ पायाने तुडवत म्हणून पाव, एका रोटीचे चार भाग करत म्हणून पाव, अशा कथा लोक खात्रीने सांगतात. या दोन अक्षरांविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

‘पाव’ हा एकच शब्द आहे की अनेक?

मराठीत ते तीन शब्द आहेत. पहिला खाण्याचा पाव, दुसरा ‘पाव तास’, ‘पाव किलो’ यांतला चौथा भाग दाखवणारा पाव, आणि तिसरा ‘पावणे’ या क्रियापदाचे आज्ञार्थी रूप, म्हणजे ‘देवा, पाव रे’ यातला पाव. तिघांचा उच्चार सारखा आहे आणि लेखनही सारखे आहे; मात्र पहिला पोर्तुगीज भाषेतून आला, दुसरा संस्कृत ‘पाद’ या शब्दापासून झाला आणि तिसरा संस्कृत ‘प्र’ आणि ‘आप्’ यांच्या संयोगातून, म्हणजे ‘प्राप्त होणे’ या अर्थाच्या धातूतून उतरला.

एका शब्दाचे अर्थ वाढत जाणे ही वेगळी गोष्ट आहे. ‘पान’ हा शब्द पाहा: झाडाचे पान, पुस्तकाचे पान, विड्याचे पान आणि पंगतीत वाढलेले पान ही सारी संस्कृत ‘पर्ण’ या एकाच मुळाची वाढ आहे, आणि एका अर्थावरून दुसरा कसा सुचला हे सहज सांगता येते. ‘पाव’च्या तीन अर्थांमध्ये असा धागा जुळत नाही. जुळवण्याचा आग्रह धरला की मग पायाने पीठ तुडवण्याच्या कथा रचाव्या लागतात.

खाण्याचा पाव मराठीत कसा आला?

पोर्तुगीज भाषेत भाजलेल्या आंबवणीच्या रोटीला जो शब्द आहे, त्याचा उच्चार देवनागरीत साधारण ‘पाँव’ असा लिहिता येईल. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला, आणि २३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातचा सुलतान बहादूरशहा याच्याशी झालेल्या तहाने वसई आणि तिच्याबरोबर मुंबईची बेटे त्यांच्याकडे गेली. मुंबई १६६१ च्या विवाहकराराने इंग्लंडच्या राजाला आंदण म्हणून देण्यात आली. वसई मात्र १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी जिंकेपर्यंत पोर्तुगीजांच्याच ताब्यात होती. म्हणजे उत्तर कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या माणसांचा या भाषेशी दोनशे वर्षांचा रोजचा संबंध होता, आणि तो बाजार, चर्च, शेत, स्वयंपाकघर असा सगळीकडून आलेला संबंध होता.

त्या काळात आलेले शब्द आज परके वाटतच नाहीत. चावी, पगार, घमेले, पिंप, तिजोरी, फीत, बटाटा, काजू, अननस, हापूस, नाताळ आणि लिलाव हे सारे त्याच वाटेने आलेले आहेत. बहुतेकांच्या बाबतीत वस्तू नवी होती, म्हणून नावही नवे आले. पावाचेही तसेच झाले. आपल्याकडे भाकरी होती, पोळी होती, घावन होते. पण गव्हाचे पीठ आंबवून, फुगवून, बंद भट्टीत भाजण्याची रीत येथे घरोघरी नव्हती. गोव्यात पीठ फुगवण्यासाठी माडाची ताडी वापरली जाई, कारण युरोपातले आंबवण हाताशी नव्हते. पाव भाजणाऱ्याला कोकणीत ‘पदेर’ किंवा ‘पोदेर’ म्हणतात, आणि तो शब्दही पोर्तुगीज ‘पादेइरू’, म्हणजे पाव करणारा, याच शब्दाचे रूप आहे. वस्तू, तिचे नाव आणि तो धंदा करणाऱ्याचे नाव असे तिन्ही एकदम आले असतील, तर शब्दाच्या उगमाविषयी संशयाला फारशी जागा राहत नाही.

पोर्तुगीज शब्दात शेवटी नाकातला उच्चार आहे. तो मराठीत का नाही?

हा प्रश्न फार चांगला आहे, कारण त्याचे उत्तर देताना उगमाचा पुरावाच हाती लागतो. पोर्तुगीज भाषेत शेवटी ‘आँव’ असा अनुनासिक उच्चार असलेले शब्द पुष्कळ आहेत. ज्या ज्या भाषांनी ते उचलले, त्यांनी आपापल्या स्वभावाप्रमाणे त्या शेवटाचे दोनपैकी एक अंग ठेवले. मराठीने ‘व’ ठेवला आणि नाकातला सूर सोडला: लिलावासाठी पोर्तुगीज शब्द ‘लेइलाँव’ असा आहे, त्याचा मराठीत ‘लिलाव’ झाला, आणि अगदी त्याच नियमाने ‘पाँव’चा ‘पाव’ झाला. हिंदीने लिलावाच्या बाबतीत नाकातला सूर ठेवला, म्हणून तिथे ‘नीलाम’ असे रूप दिसते.

जपानीने दुसरे अंग निवडले. पोर्तुगीज खलाशी १५४३ मध्ये तानेगाशिमा बेटावर पोहोचले आणि पुढच्या काळात तिथेही त्यांचे शब्द रुजले. गुंडीला पोर्तुगीजमध्ये ‘बोताँव’ म्हणतात, जपानीत तिचे ‘बोतान’ झाले. आणि ‘पाँव’चे झाले ‘पान’. श्रीलंकेतल्या सिंहली भाषेतही पावाला ‘पान्’ म्हणतात. म्हणजे मुंबईचा पाव, कोलंबोचा पान् आणि टोकियोचा पान ही एकाच शब्दाची तीन बंदरांवरची रूपे आहेत. एखाद्या शब्दाच्या उगमावर विश्वास ठेवायचा असेल तर असा नियम शोधावा, जो दुसऱ्या शब्दालाही लागू पडतो. ‘लिलाव’ आणि ‘बोतान’ यांनी ‘पाव’ची साक्ष दिली, यापेक्षा भक्कम आधार व्युत्पत्तीत क्वचितच मिळतो.

पीठ पायांनी मळत असत म्हणून ‘पाव’ हे नाव पडले, हे खरे आहे का?

नाही. मोठ्या भट्ट्यांत पूर्वी पीठ कसे मळत, हा वेगळा विषय आहे; नावाशी त्याचा संबंध नाही. ही कथा हिंदीतल्या ‘पाँव’ या शब्दावर उभी आहे, ज्याचा अर्थ पाऊल असा होतो. मराठीत पायाला ‘पाव’ म्हणतच नाहीत, त्यामुळे मराठी माणसाने ही कथा सांगावी याचेच आश्चर्य वाटते. शिवाय पोर्तुगीज मंडळी आपल्या देशात हा पदार्थ याच नावाने खात होती, आणि तिथे त्या नावाला पायाचा अर्थ कधीही नव्हता.

मग एका मोठ्या रोटीचा चौथा भाग म्हणून ‘पाव’, हे तरी बरोबर असेल?

ही समजूत अधिक पसरलेली आहे आणि वरवर पाहता पटतेही, कारण मराठीत आणि हिंदीत दोन्ही शब्द एकसारखे आहेत. पण मुंबईतच शेजारच्या दुकानात गुजराती बोलणाऱ्या माणसाकडे लक्ष दिले तर उत्तर मिळते. गुजरातीत चौथ्या भागाला ‘पा’ म्हणतात आणि खाण्याच्या पावाला ‘पाउं’, तेही नाकातल्या उच्चारासकट. बंगालीत चौथा भाग म्हणजे ‘पोया’ आणि पाव म्हणजे ‘पाउरुटी’. दोन शब्द मुळात एकच असते, तर प्रत्येक भाषेत ते एकत्रच बदलले असते. ज्या भाषांत संस्कृत ‘पाद’चे रूप वेगळ्या वाटेने गेले, तिथे खाण्याचा पाव त्याच्याबरोबर गेला नाही, तो पोर्तुगीज रूपाच्या जवळ राहिला. मराठीत आणि हिंदीत दोन वाटा योगायोगाने एकाच उच्चारावर येऊन थांबल्या, एवढेच.

चौथ्या भागाला ‘पाव’ का म्हणतात?

येथे मात्र पायाचा संबंध खरा आहे. संस्कृतात ‘पाद’ म्हणजे पाय, आणि चार पायांच्या जनावराचा एक पाय म्हणजे चारांतला एक, म्हणून ‘पाद’ या शब्दाला चौथा भाग असाही अर्थ आला. श्लोकाच्या चार चरणांतला एक तोही पाद. हा अर्थ फार जुना आहे: ऋग्वेदातल्या पुरुषसूक्तात सारी भूते हा त्या पुरुषाचा एक पाद आणि अमृतरूप असलेले तीन पाद द्युलोकात, असे वर्णन आहे, आणि तिथे पाद म्हणजे चौथा हिस्सा असेच समजावे लागते.

प्राकृतात दोन स्वरांमधला ‘द’ गळून पडला. राहिलेल्या दोन स्वरांना जोडण्यासाठी कुठे ‘य’ आला, कुठे ‘व’ आला. मराठीने दोन्ही रूपे ठेवली आणि कामे वाटून दिली: शरीराचा अवयव तो ‘पाय’, आणि हिशेबातला चौथा भाग तो ‘पाव’. एकाच आईची ही दोन मुले आज एकमेकांना ओळखत नाहीत.

हिशेबाच्या भाषेत या घराण्याचा विस्तार मोठा आहे. ‘सव्वा’ हा शब्द ‘सपाद’ यापासून झाला, म्हणजे एक पाद सोबत असलेला. ‘पाऊण’ हा ‘पादोन’, म्हणजे एक पाद कमी असलेला. घड्याळात सव्वासहा आणि पावणेसात म्हणताना आपण प्रत्येक वेळी त्या जुन्या पादाचीच बेरीज-वजाबाकी करत असतो, आणि ‘शेरास सव्वाशेर’ या म्हणीतही तोच बसलेला आहे. जुन्या शाळांतून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढे पाठ करून घेत, आणि ते येणाऱ्या माणसाला बाजारात कागद-पेन्सिल लागत नसे. इतक्या नेमक्या अपूर्णांकांना स्वतंत्र, सुटसुटीत नावे असणे ही मराठीची मोठी संपत्ती आहे. मुंबईतल्या मुलांना आज ‘क्वार्टर टू सेव्हन’ कळते आणि ‘पावणेसात’ म्हणजे किती, असे विचारावे लागते, याचे वाईट वाटते.

नाण्यांतही हा शब्द होता. रुपयाचे सोळा आणे असताना चार आण्यांच्या नाण्याला ‘पावली’ म्हणत. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली तेव्हा तिची जागा पंचवीस पैशांनी घेतली, तरी लोक ‘चार आणे’च म्हणत राहिले, आणि ३० जून २०११ पासून पंचवीस पैशांचे नाणेही चलनातून गेले. वजनात पावशेर म्हणजे ऐंशी तोळ्यांच्या शेराचा चौथा भाग, सुमारे २३३ ग्रॅम. आजचा पाव किलो २५० ग्रॅमचा असतो.

इंग्रजीतल्या ‘फूट’ आणि ‘पॉ’ या शब्दांशी ‘पाय’ आणि ‘पाव’ यांचे नाते आहे का?

‘फूट’शी आहे, ‘पॉ’शी नाही. संस्कृत ‘पाद’, लॅटिनमधला ‘पेस’ (ज्याच्या ‘पेद्’ या अंगावरून सायकलचे पेडल आले), ग्रीकमधला ‘पूस’ आणि इंग्रजीतला ‘फूट’ हे सारे एका आदिम शब्दाचे वंशज आहेत. जर्मानिक भाषांत मूळच्या ‘प’चा नियमाने ‘फ’ झाला, म्हणून ‘पितृ’ला ‘फादर’ आणि ‘पाद’ला ‘फूट’ असे रूप दिसते. फारसीत पायाला ‘पाय’ किंवा ‘पा’ म्हणतात, आणि पायजमा म्हणजे पायांत घालायचे वस्त्र. जनावराच्या पंजाला इंग्रजीत ‘पॉ’ म्हणतात खरे, पण तो जुन्या फ्रेंचमधून आलेला वेगळा शब्द आहे. तो ‘पाद’चा नातलग असता, तर इंग्रजीत त्याचाही आरंभ ‘फ’ने झाला असता.

‘नवसाला पावणारा गणपती’ यातला ‘पाव’ कोणता?

हा तिसरा शब्द. संस्कृत ‘प्राप्नोति’चे प्राकृतात ‘पावइ’ असे रूप झाले: सुरुवातीच्या ‘प्र’मधला ‘र’ गेला आणि मधल्या ‘प’चा ‘व’ झाला. मूळ अर्थ पोहोचणे, मिळणे. ‘समाधान पावला’, ‘मृत्यू पावला’, ‘लोप पावला’ या प्रयोगांत तो अजून तसाच आहे. पैसे पोहोचले याची खूण म्हणजे ‘पावती’. सोसायटीच्या कचेरीत देखभालीचे पैसे भरून आपण जो कागद घेतो, त्याचे नाव आणि लालबागच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडी असलेला ‘पावणारा’ हा शब्द एकाच धातूचे आहेत.

पोहोचण्यापासून कृपा करण्यापर्यंतचा अर्थ कसा गेला, हे समजणे अवघड नाही. संकटात असलेल्या माणसापर्यंत देव पोहोचणे म्हणजेच देव पावणे. भाद्रपदात घरोघरी म्हटल्या जाणाऱ्या आरतीत ‘संकटी पावावे’ असे मागणे आहे, तिथे ‘धावून यावे’ आणि ‘प्रसन्न व्हावे’ हे दोन्ही अर्थ एकत्र आहेत आणि ते वेगळे करण्याची गरजही नाही.

पाऊस, पाहुणा आणि पावन हे शब्द याच कुळातले का?

तिन्ही वेगळे आहेत. ‘पाऊस’ संस्कृत ‘प्रावृष्’, म्हणजे पावसाळ्याचा ऋतू, यापासून आला. ‘पाहुणा’ ‘प्राघूर्णक’ या शब्दापासून आला. बोलीत त्याचे ‘पावणं’, ‘पाव्हणं’ होते, त्यामुळे ‘पावणे आठ वाजता पावणे आले’ असे वाक्य होऊ शकते, पण दोन ‘पावणे’ एकमेकांचे कोणी लागत नाहीत. ‘पावन’ हा ‘पू’, म्हणजे शुद्ध करणे, या धातूचा शब्द आहे.

जपानी लोक पावाला ‘पान’ म्हणतात, ते फ्रेंच किंवा स्पॅनिशवरून नाही का?

स्पॅनिशमध्ये ‘पान’, फ्रेंचमध्ये ‘पँ’, इटालियनमध्ये ‘पाने’ हे सारे लॅटिन ‘पानिस’ या शब्दाचे वंशज आहेत, म्हणून असा तर्क होतो. पण जपानशी आधी संबंध आला तो पोर्तुगीजांचा, आणि ‘बोतान’सारखे इतर शब्दही त्याच दिशेकडे बोट दाखवतात. जपानीतून हा शब्द पुढे कोरियन भाषेत ‘प्पांग’ असा गेला. उलट कंबोडियातल्या ‘नुम पांग’मधला ‘पांग’ फ्रेंच राजवटीतला, थेट फ्रेंचमधून आलेला आहे. दिसायला सारखी असलेली रूपे वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या गलबतांतून उतरलेली असू शकतात.

जपानच्या पावाविषयी एक गोष्ट मला विशेष वाटते. टोकियोतल्या गिंझा भागातील किमुराया या दुकानाने १८७४ मध्ये ‘आनपान’ हा गोड पाव तयार केला. त्याच्या पोटात अझुकी या लाल कडधान्याचे गोड पुरण भरलेले असते, म्हणजे पुरणपोळी खाणाऱ्याला तो परका वाटू नये. आणि त्याचे पीठ फुगवण्यासाठी त्यांनी साके या तांदळाच्या मद्याचे आंबवण वापरले. गोव्यात ताडी, जपानात साके: दोन्हीकडे शब्द पोर्तुगीजांचा, आंबवण मात्र त्या त्या गावचे.

चिनी ‘बाओ’ आणि व्हिएतनामी ‘बान्ह’ हेही पावाचेच भाऊ दिसतात.

दिसतात, पण नाहीत. ‘बाओ’चा चिनी भाषेत अर्थ गुंडाळणे, वेष्टणे असा आहे, आणि सारण गुंडाळून वाफवलेल्या पदार्थाला ते नाव पडले. मुंबईतल्या उपाहारगृहांत हल्ली तो मिळतो, तेव्हा ‘हा चिनी पाव’ असे कोणी म्हटले तर समजावून सांगण्यासाठी ठीक आहे. व्युत्पत्ती म्हणून ठीक नाही. व्हिएतनामी ‘बान्ह’ हा फ्रेंच ‘पँ’वरून आला असे पुष्कळदा सांगितले जाते, पण तो शब्द फ्रेंच येण्याच्या कितीतरी आधीपासून त्या भाषेत आहे आणि पिठाच्या पदार्थांसाठी असलेल्या ‘बिंग’ या चिनी शब्दाशी त्याचे नाते आहे.

‘पाव’ असा उच्चार दुसऱ्या भाषांत आहे का, आणि तिथे त्याचा अर्थ काय?

युरोपातल्या स्लोव्हेनियन भाषेत ‘पाव’ म्हणजे मोर. चेक भाषेतही मोराला जवळजवळ असेच म्हणतात, मात्र शेवटच्या ‘व’चा उच्चार ‘फ’कडे झुकतो. दोन्ही शब्द लॅटिन ‘पावो’, म्हणजे मोर, यापासून आले. त्याच ‘पावो’चा स्पॅनिशमध्ये अर्थ टर्की हा पक्षी असा झाला.

पोर्तुगीज भाषेतच ‘पाउ’ नावाचा आणखी एक शब्द आहे, आणि त्याचा अर्थ लाकूड किंवा काठी. दोन शब्दांत फरक फक्त नाकातल्या उच्चाराचा. ‘पाउ-ब्राझिल’ या लाल रंग देणाऱ्या लाकडावरून ब्राझील देशाचे नाव पडले. मराठीने तो नाकातला सूर सोडलेला असल्यामुळे मुंबईच्या माणसाने लिस्बनच्या बेकरीत जाऊन आपल्या उच्चारात ‘पाव’ मागितला, तर ऐकणाऱ्याला लाकूड मागितल्यासारखे वाटेल.

‘पानिस’ या लॅटिन शब्दाचे आणखी कोणते वंशज मराठीत वापरले जातात?

सर्वांत मोठा वंशज म्हणजे ‘कंपनी’. लॅटिन ‘कॉम’ म्हणजे सह, आणि ‘पानिस’ म्हणजे रोटी. एकत्र बसून रोटी खाणारे ते सोबती, आणि अशा सोबत्यांचा गट ती कंपनी. आपल्याकडे रोटी-बेटी व्यवहार हा शब्द आहे, त्यातला रोटीव्यवहार हाच विचार सांगतो. मुंबईचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे: बेट पोर्तुगीजांकडून इंग्लंडच्या राजाकडे गेले, आणि १६६८ मध्ये राजाने ते वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिले. ज्यांनी ‘पाव’ हा शब्द आणला ते गेले, आणि ज्यांच्या नावातच तो शब्द दडलेला होता ते आले. रेल्वेतल्या ‘पँट्री’चे मूळही हेच, रोट्या ठेवायची खोली, हा तिचा पहिला अर्थ.

त्याही मागे गेले तर ‘पानिस’चे मूळ पोसणे, राखणे या अर्थाच्या एका आदिम धातूत मिळते. संस्कृतातला ‘पा’, म्हणजे रक्षण करणे, हा त्याच धातूचा वारस आहे; ‘गोप’ आणि ‘भूप’ यांच्या शेवटी तोच आहे, आणि चर्चमधल्या ‘पास्टर’चा मूळ अर्थ गुराखी, मेंढपाळ असाच आहे. म्हणून खाण्याचा पाव संस्कृतातून आला असे कोणी म्हणू नये, पण फार दूरचे नाते विचारले तर ते आहे.

खाण्याचा ‘पाव’ परभाषेतला असल्यामुळे शुद्ध मराठी लिहिताना टाळावा का?

टाळू नये. त्याला दुसरा मराठी शब्द नाही, आणि हवाही नाही. शब्द मराठी झाला की नाही, हे तो मराठीच्या व्याकरणाप्रमाणे चालतो की नाही यावरून ठरवावे. ‘पाव’ पुल्लिंगी आहे, अनेकवचन ‘पाव’च, विभक्तीचा प्रत्यय लागताना ‘पावाचा’, ‘पावाला’, ‘पावात’ अशी रूपे होतात, अगदी ‘हात’ या शब्दाप्रमाणे. त्याच्या अवतीभवती मुंबईत आपले शब्दही तयार झाले. लादीपाव घ्या: पत्र्याच्या ट्रेमध्ये पिठाचे गोळे जवळजवळ मांडतात, भट्टीत फुगताना ते एकमेकांना चिकटतात, म्हणून लादीतून पाव तोडला की वरचा भाग तांबूस आणि चकचकीत, तर बाजू पांढऱ्या, मऊ, कापसासारखे तंतू सुटलेल्या अशा दिसतात. ब्रून पाव सुटा भाजतात, म्हणून तो चारी बाजूंनी कडक होतो आणि चहात बुडवला तरी लगेच विरघळत नाही. पोर्तुगीज भाषेत हे शब्द सापडायचे नाहीत. ते इथले आहेत.

एक गोष्ट मात्र टाळावी. गोव्याच्या आणि मुंबईच्या ख्रिस्ती लोकांना ‘मकापाव’ म्हणून चिडवण्याची वाईट सवय या शहरात होती आणि अजून पूर्ण गेलेली नाही. कोकणी ‘म्हाका’, म्हणजे मला, यावरून तो शब्द बनला. ज्या लोकांनी शहराला पाव भाजून घातला, त्यांना त्याच पावावरून हिणवणे लाजिरवाणे आहे.

‘वडापाव’ या शब्दात किती भाषा आहेत?

‘वडा’ संस्कृत ‘वटक’पासून आला. ‘पाव’ पोर्तुगीज. वड्यातला ‘बटाटा’ही पोर्तुगीजांकडून आला, पण त्यांनी तो शब्द कॅरिबियन बेटांवरच्या तैनो लोकांच्या भाषेतून घेतलेला होता, आणि तिथे त्याचा अर्थ रताळे असा होता. १९६६ च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी वडा पावात घालून विकायला सुरुवात केली असे मानले जाते; तोपर्यंत हे तिन्ही शब्द मराठीत पुरते मुरलेले होते.

‘पावभाजी’ जोडून लिहावे की तोडून?

जोडून लिहावे. ‘पावभाजी’ म्हणजे पाव आणि भाजी; ‘पाव भाजी’ असे तोडून लिहिले तर चौथा हिस्सा भाजी असा अर्थ निघू शकतो. हाच नियम ‘वडापाव’, ‘मिसळपाव’, ‘उसळपाव’ आणि ‘खिमापाव’ यांना लावावा. अपूर्णांक मात्र मापाच्या नावापासून सुटा लिहावा, जसे ‘पाव किलो’, ‘पाव तास’, ‘पाव लिटर’. ‘पावशेर’ हा जुना रूढ शब्द जोडूनच लिहिला जातो. घड्याळाची वेळ ‘पावणेसात’, ‘सव्वासात’ अशी एका शब्दात लिहावी. गाडीवरच्या पाटीवर ‘पाँव भाजी’ असे चंद्रबिंदू देऊन लिहिलेले आढळते, ते हिंदीतल्या पावलाच्या शब्दाशी झालेल्या गल्लतीमुळे. मराठीत त्यावर अनुस्वारही नको आणि चंद्रबिंदूही नको.